गव्हाशिवाय केक, दुधाशिवाय पाव : घरचं बेकिंग मिक्स, दळणापासून

आमच्या घरी वाढदिवसाचा केक करायचा म्हणजे आधी हजेरी घ्यावी लागते. भाच्याला सिलिॲक आहे, म्हणजे ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा करणारा आजार; त्यामुळे गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, ‘rye’ हे धान्य) या तिन्हींना कायमची सुट्टी. लेक दोन वर्षांपूर्वी व्हीगन झाली; दूध, तूप, अंडं, मध सगळं बंद. आणि भाच्याचा वर्गमित्र, जो दर वाढदिवसाला असतोच, त्याला शेंगदाणा आणि काजू दोन्ही चालत नाहीत. तिघांनी एकाच केकचा तुकडा खावा एवढीच माझी इच्छा होती. परदेशी कृती उघडल्या तर मैद्याऐवजी बदामाचं पीठ आणि ते बांधून ठेवायला तीन अंडी. एकाची अडचण सोडवावी तर दुसऱ्याची बशी रिकामी.

तयार मिक्सची पाकिटंही आणून पाहिली. एकात दुधाची पावडर, दुसऱ्यात बदाम, तिसरं सगळ्यांना चालणारं पण त्याचा केक असा कोरडा, की चहात बुडवून खावा लागला. शेवटी घरीच मिक्स करायला घेतलं. आता मोठ्या डब्यात ते कायम भरलेलं असतं आणि महिन्याकाठी एकदा तरी कुणाला तरी बांधून जातं. ते कसं करायचं हे इथे सविस्तर लिहिते आहे. पण एक आधीच सांगते : यात कृतीपेक्षा दळण महत्त्वाचं. ओव्हनपर्यंत पोचण्याआधीच अर्धं काम झालेलं असतं किंवा बिघडलेलं असतं.

आधी तपासणी, मग पथ्य

कुणाला गहू सोसत नाही असं वाटत असेल, तर हे मिक्स करायच्या आधी डॉक्टरकडे जा. सिलिॲकची रक्ततपासणी (टीटीजी-आयजीए) माणूस गहू खात असतानाच करावी लागते. आधीच पोळी बंद केली, तर रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण उतरतं आणि तपासणी खोटा दिलासा देते. माझ्या बहिणीनं कुणाच्या तरी सल्ल्यानं दोन महिने गहू बंद केला होता; तपासणीसाठी त्या पोराला पुन्हा पोळ्या खायला घालाव्या लागल्या आणि ते आठवडे कुणालाच आठवावेसे वाटत नाहीत.

गव्हाची ॲलर्जी हा वेगळा प्रकार. त्यात पित्त उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं असं काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत होतं. सिलिॲकमध्ये आतड्याचं अस्तर हळूहळू झिजतं, बाहेरून कधी काही दिसतही नाही. स्वयंपाकघरातली काळजी मात्र दोन्हींत सारखीच कडक.

भाकरीला जे कळतं

ग्लुटेन म्हणजे काय ते दोन ओळींत. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी घालून मळलं की ती एकमेकांत गुंततात आणि त्यांची लवचिक जाळी होते, तेच ग्लुटेन. पोळी ताणली तरी फाटत नाही ती त्या जाळीमुळे, आणि पावातली हवा पावातच राहते तीही त्याच जाळीमुळे.

ज्वारी, तांदूळ, नाचणीत ही जाळी नाही. पण म्हणून आपल्याकडे त्यांचं काही अडलं होतं का? भाकरीच्या पिठात आपण गरम पाणी ओततो. मोदकाला उकड काढतो. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि प्रथिनांच्या जाळीचं काम काही अंशी तो चीक करतो. पीठ जुनं झालं, त्याची विरी गेली, की भाकरी थापताना कडेनं चिरा पडतात, हे आजीला कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. ग्लुटेन-फ्री बेकिंग म्हणजे याच विद्येचा पुढचा धडा. पीठ ताजं हवं, त्याला पाणी प्यायला वेळ द्यायला हवा आणि चीक बाहेरून घालायला हवा. मैद्याची नक्कल करायचा हट्ट सोडला की पुढचं सोपं जातं.

दळण

पहिल्यांदा मी घरची ज्वारी निवडून, डबा घेऊन नेहमीच्या गिरणीत गेले. मालकांना सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, “ताई, आधी दोन मुठी ज्वारी सोडतो, जातं साफ होतंय. कणभर गव्हानं काय होणारे?” मला पटलं. त्या पिठाचा केक झाला, भाच्यानं दोन तुकडे खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी शाळा बुडवली. गिरणीवाल्या काकांचा दोष नव्हता. पत्र्याच्या नळकांड्यात, पीठ पडतं त्या कापडी पिशवीत, जात्याच्या टाक्यांत सकाळपासूनची कणीक बसलेली असते. ती दोन मुठींनी निघत नाही.

हिशोब करून बघा. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको. गव्हाच्या पिठात ग्लुटेन साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे किलोभर ज्वारीच्या पिठात चिमूटभर कणीक मिसळली तरी आपण ती रेघ ओलांडली. गिरणीत उडणारी धूळच चिमटीपेक्षा जास्त असते.

मग करायचं काय? माझ्या मते चांगल्यापासून कामचलाऊपर्यंत असे तीन रस्ते आहेत.

घरघंटी घ्यायची आणि तिच्यात आयुष्यात गहू घालायचा नाही. जुनी, गहू दळलेली घरघंटी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. आतल्या कोपऱ्यांपर्यंत हात पोचत नाही. आम्ही दोन घरांत मिळून एक घेतली आहे, ती बहिणीकडे असते आणि तिच्यावर लाल रंगात ‘गहू नाही’ असं लिहिलंय. उपवासाची भाजणीसुद्धा आता तीतच होते.

दुसरा रस्ता म्हणजे ग्लुटेन-फ्री असं स्पष्ट लिहिलेली पिठांची बंद पाकिटं. महाग पडतं, पण दळणाची काळजी मिटते.

तिसरा रस्ता मिक्सरचा. तांदूळ आणि साबुदाणा मिक्सरमध्ये बरे दळले जातात, ज्वारी जरा रवाळ राहते. दळून झाल्यावर पातळ मलमलीतून वस्त्रगाळ करायचं. इथे एक खाच आहे : मराठी घरातल्या मिक्सरच्या सुक्या भांड्यात शेंगदाण्याचं कूट झालेलं असतंच. पात्याखालच्या रबरी चकतीत ते अडकतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यासाठी करणार असाल तर नवं भांडं घ्या, धुण्यावर विसंबू नका.

दळायच्या आधी धान्य निवडायचं, तेही ताटात पातळ पसरून, खिडकीपाशी बसून. मार्केट यार्डातून आणलेल्या ज्वारीत मला दर खेपेला गव्हाचे दोन-चार दाणे सापडतात. एकच गाडी, एकच गोदाम, एकच माप; सापडणारच. निवडून झाल्यावर दोन पाण्यानं धुऊन, पंख्याखाली कडकडीत वाळवून मगच दळते.

चाळण, लाकडी पोळपाट-लाटणं आणि लाकडी चमचे वेगळेच हवेत. स्टील स्वच्छ धुता येतं, लाकूड आणि चाळणीची जाळी नाही.

मिक्समध्ये काय आणि का

मिक्सचे तीन घटक : अंगाला पीठ, हलकेपणाला स्टार्च, चिकासाठी इसबगोल.

पिठात मी ज्वारी आणि तांदूळ घेते. ज्वारी शक्यतो शाळू, मालदांडी. चव गोडसर आणि रंग उजळ. खरिपाची ज्वारी कधी कधी उग्र लागते. बाजरी केकला नको, ती पटकन कडू होते. नाचणी चॉकलेट केकमध्ये सुरेख, साध्या केकमध्ये मात्र रंग मातकट येतो आणि मुलं ‘हे काय’ म्हणून विचारतात.

तांदळाचं पीठ ही सगळ्यात जास्त चुकणारी जागा. भाकरीसाठीचं नेहमीचं तांदळाचं पीठ केकमध्ये दाताखाली कचकचतं. हवी ती मोदकाची पिठी : धुतलेल्या, सावलीत वाळवलेल्या तांदळाची, बोटांत चोळली तर टाल्कम पावडरसारखी लागणारी. गणपतीच्या दिवसांत पुण्यात ती चौकाचौकांत मिळते, पण ती कुठे दळली ते विचारा. मी आंबेमोहोर तुकडा आणून घरीच करते. इंद्रायणी पावाला ठीक; केकला नको, माझ्या हातून तरी तिचा केक मध्ये गिच्च होतो.

स्टार्च म्हणून साबुदाण्याचं पीठ. साबुदाणा टॅपिओकापासूनच, म्हणजे कसावा या कंदाच्या स्टार्चपासूनच होतो, त्यामुळे वेगळा टॅपिओका स्टार्च शोधत हिंडायची गरज नाही. साबुदाणा मंद आचेवर चार-पाच मिनिटं हलवत गरम करायचा, रंग बदलू द्यायचा नाही, फक्त कोरडा व्हायला हवा. गार झाला की बारीक दळून वस्त्रगाळ. साबुदाणा बनतानाच अर्धवट शिजलेला असतो, म्हणून त्याचं पीठ तयार स्टार्चपेक्षा पाणी थोडं जास्त ओढतं. जोडीला थोडं कॉर्नफ्लोअर. मक्याची ॲलर्जी असेल तर त्याऐवजी बटाट्याचा स्टार्च किंवा आरारूट.

आणि इसबगोल. औषधाच्या दुकानात मिळतो तोच, पण साधा भुसा घ्या. संत्र्याच्या चवीचा, साखर घातलेला नको. आपल्या शेजारी गुजरातेत, उंझाच्या बाजारात त्याची मोठी उलाढाल चालते, तेव्हा चिकासाठी झँथन गमसारख्या पावडरी मागवण्यापेक्षा हा स्वस्त आणि ताजा. पाण्यात पडला की काही मिनिटांत त्याचा घट्ट जेल होतो आणि तो जेल ग्लुटेनच्या जाळीची जागा घेतो. केकसाठी तो मिक्सरवर बारीक करून घ्यावा, पावासाठी भुसाच चालतो. काही इसबगोलामुळे पाव आतून जांभळट-राखी होतो. बिघडलेला नसतो, खायला काही हरकत नाही, फक्त पाहुण्यांना आधी सांगून ठेवावं.

एक किलो मिक्सचं माप :

ज्वारीचं पीठ ३५० ग्रॅम
तांदळाची पिठी ३३५ ग्रॅम
साबुदाण्याचं पीठ २०० ग्रॅम
कॉर्नफ्लोअर १०० ग्रॅम
इसबगोल, बारीक केलेला, १५ ग्रॅम

वजनकाटा हवाच. वाटीच्या मापानं करू नका. दाबून भरलेली आणि अलगद भरलेली वाटी यांत एवढा फरक पडतो, की आज जमलेला केक पुढच्या आठवड्यात जमत नाही. सगळं एकत्र करून तीन वेळा चाळायचं. इसबगोल एका जागी राहिला तर केकमध्ये तिथे लिबलिबीत गोळी सापडते. बेकिंग पावडर मी मिक्समध्ये घालत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात ती डब्यातच दमते, आणि पावाला ती नकोच असते.

केक : सावकाश वाचा

१८ सेंटिमीटरच्या, म्हणजे सात इंची गोल साच्याचं हे प्रमाण. साचे, बटर पेपर, पुठ्ठ्याचे डबे मी रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला एकदाच जाऊन आणते. साचा नवाच हवा; ज्या साच्याला वर्षानुवर्षं मैदा भुरभुरलाय, त्याच्या कडांच्या घडीत तो असतोच.

मिक्स २०० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, चिमूटभर मीठ. वेगळ्या भांड्यात सोया दूध किंवा नारळाचं पातळ दूध २२० मिलिलिटर, वास नसलेलं तेल ७० मिलिलिटर, व्हॅनिला इसेन्स एक चमचा. अंड्याच्या जागी जवस : एक मोठा चमचा ताजी जवसपूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवायची. ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी ओघळायला लागली की तयार. जवस चटणीसाठी भाजलेलं नको, कच्चंच हवं. भाजल्यावर चीक कमी होतो आणि केकला चटणीचा वास येतो. हे मी करून पाहिलंय.

ओलं आणि कोरडं एकत्र करून व्हिस्कनं चांगलं दोन मिनिटं फेटा. मैद्याच्या केकला ‘जास्त फेटू नका, चिवट होतो’ असं सांगतात, ती भीती इथे नाही. चिवट व्हायला ग्लुटेनच नाही. आता झाकून वीस-पंचवीस मिनिटं ठेवून द्या. हीच ती पायरी जी सगळे गाळतात. या वेळात पिठी आणि ज्वारी पाणी पितात, इसबगोल फुगतो. आधी ताकासारखं पातळ वाटलेलं मिश्रण इडलीच्या पिठाएवढं दाट होतं. चमच्यातून पडताना त्याची फीत पडायला हवी आणि ती क्षणभर वर दिसून विरायला हवी. ढेकळासारखं पडलं तर दोन-तीन चमचे दूध वाढवा. तुमच्या ज्वारीनं किती पाणी प्यायलं ते मला इथून सांगता येणार नाही.

ओव्हन १८० अंशांवर तापला की मगच दोन छोटे चमचे बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा सोडा आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस घाला. भराभर ढवळा, बुडबुडे दिसायला लागले की लगेच साच्यात ओता. इथे गप्पा नकोत. आधी घालून वीस मिनिटं ठेवलं तर सगळा वायू भांड्यातच निघून जातो आणि केक म्हणजे गोड ढोकळ्याची वडी होते. साच्याला आतून तेलाचं बोट आणि तळाला कागद. सवयीनं तूप लावू नका. एकदा सगळं व्हीगन करून शेवटी साच्याला तूप फासलं होतं मी. लेकीनं केक कापायच्या आधी विचारलं आणि मला खोटं बोलता आलं नाही.

३५ ते ४० मिनिटं. कडा साच्यापासून सुटतात, वर एक चीर पडते, सुरी घातली तर ओलं पीठ लागत नाही. थोडा चिकट अंश लागला तर घाबरू नका, इसबगोल गरम असताना चिकटच असतो. दहा मिनिटांनी साच्यातून काढा आणि पूर्ण गार होऊ द्या.

ओव्हन नसेल तर कुकरमध्ये : तळाला जाड मीठ, त्यावर जाळी, शिटी आणि रबर काढून दहा मिनिटं तापवायचा, मग मंद आचेवर ४५ ते ५० मिनिटं. आमच्या लहानपणी सगळे केक असेच व्हायचे, वाळूच्या डब्यात.

नारळाच्या दुधाबद्दल एक. नारळ शास्त्रानुसार काजू-बदामाच्या गटात मोडत नाही, पण ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला विचारल्याशिवाय वापरू नये. सोयाचंही तेच. बाजारातलं ओट मिल्क सिलिॲकवाल्याला नको, कारण ओट्समध्ये गव्हाची भेसळ फार होते. आणि काजूचं दूध वापरायचं की नाही, ते केक कुठल्या घरात जाणार आहे त्यावर.

नानकटाई

सगळ्यात आधी हीच करून बघा, बिघडायला जागा कमी. नानकटाई खुसखुशीत व्हायची म्हणजे ग्लुटेन नकोच असतं, त्यामुळे मैद्याच्या नानकटाईपेक्षा ही उजवी होते असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. मिक्स १५० ग्रॅम, घरी दळलेलं बेसन ५० ग्रॅम, पिठीसाखर ९० ग्रॅम, घट्ट खोबरेल १०० ग्रॅम, वेलची, जायफळ, चिमूटभर मीठ, पाव छोटा चमचा बेकिंग पावडर. खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं. पुण्याच्या थंडीत ते बाटलीतच थिजलेलं असतं, एप्रिलमध्ये मात्र फ्रिजमध्ये ठेवून घट्ट करून घ्यावं लागतं. खोबरेल आणि साखर हातानं पांढरी होईपर्यंत फेसा, पीठ घाला, गोळे करून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग १६५ अंशांवर १८ ते २० मिनिटं. गरम असताना हात लावू नका, चुरा होईल. खोबरेल खाण्याचं, नारळाच्या ॲलर्जीवाल्यांना अर्थातच नाही.

बेसन घरचं म्हणते ते उगाच नाही. डाळीचं पीठ गव्हाच्याच जात्यावर दळतात.

पाव

पावाला अजून चीक हवा. ४०० ग्रॅम मिक्सला आणखी १८ ग्रॅम इसबगोल लागतो. ४२० मिलिलिटर कोमट पाण्यात तो घालून ढवळा आणि पाच मिनिटं थांबा. तोवर त्याची खीर होते. दुसऱ्या भांड्यात मिक्स, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १५ ग्रॅम साखर, ७ ग्रॅम मीठ. त्यात ही खीर, २० ग्रॅम तेल आणि एक छोटा चमचा व्हिनेगर घालून पाच मिनिटं मळा. पोळीच्या कणकेसारखा गोळा होईल अशी अपेक्षा ठेवलीत तर पीठ घालत बसाल आणि वीट तयार होईल. हे थालीपिठाच्या पिठाएवढं सैल असतं. ओल्या हातानं उचलायचं, तेल लावलेल्या लांबट साच्यात थापायचं, ओल्या चमच्यानं वरून गुळगुळीत करायचं.

हे पीठ एकदाच फुगवायचं. मैद्याच्या पावाचं पीठ फुगल्यावर दाबून पुन्हा फुगवतात. इथे दाबलं की संपलं. मे महिन्यात ३५-४० मिनिटांत दीडपट होतं, डिसेंबरात ओव्हनचा दिवा लावून आत ठेवलं तरी तास जातो. दीडपटीच्या पुढे थांबू नका, दुप्पट होऊ दिलं तर भट्टीत मध्ये खचतं.

२२० अंशांवर १५ मिनिटं, मग २०० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. थर्मामीटर असेल तर पावाच्या पोटात ९६-९७ अंश यायला हवेत. काही कृतींत ९९ अंशांची वाट बघायला सांगतात. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे पाणीच ९८ अंशांना उकळतं. ओल्या पावाचं पोट त्याच्या वर जाणार नाही. मी एकदा त्या आकड्याची वाट बघत पावाचं कवच कोळसा केलं होतं.

मग जाळीवर तीन तास. हा सगळ्यात अवघड भाग, कारण घरभर वास सुटलेला असतो. गरम कापलात तर आत ओलसर गोंद दिसेल आणि तुम्ही म्हणाल कृती चुकली. स्टार्च गार होतानाच घट्ट होतो. कापून फोडी फ्रीजरमध्ये ठेवा आणि लागेल तशी तव्यावर भाजा. बाहेर ठेवलेला हा पाव दुसऱ्या दिवशीच कडक होतो.

यीस्ट नेहमीचं कोरडं चालतं. बिअर बनवताना उरणारं यीस्ट जवाशी संबंध आलेलं असतं, ते नको.

डब्यावरचे ठिपके

हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, व्हीगन नव्हे. दूध, दह्याची पावडर, मध यांच्यासकट पाकिटावर हिरवा ठिपका असतो. व्हीगनसाठी २०२२ पासून वेगळं चिन्ह आहे, चौकोनात हिरवा ‘व्ही’ आणि त्याला पान. घटकांच्या यादीखाली ॲलर्जीचे पदार्थ लिहिलेले असतात. ग्लुटेन असलेली धान्यं, दूध, अंडं, शेंगदाणा आणि सुका मेवा, सोया हे त्यात येतात. चॉकलेट चिप्स, कोको पावडर, रंगीत गोळ्या घेताना तेवढीच ओळ आधी वाचा, चव नंतर. बेकिंग पावडरमध्येही स्टार्च असतो, बहुतेक मक्याचा, पण वाचायचं.

केकमध्ये हिंग पडत नाही, पण हेच मिक्स वापरून कुणी खारी बिस्किटं, जिऱ्याच्या कुकीज करतं आणि त्यात हिंग घालतं. बाजारातला बांधानी हिंग बऱ्याचदा मैद्यात बांधलेला असतो. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो शोधा. मेतकुटात आणि थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, आणि सातूच्या पिठाच्या पाकिटात गहू किंवा जव. ‘आमच्याकडे सगळं घरचंच’ असं म्हणून प्रेमानं दिलेल्या डब्यांत हेच तीन पदार्थ असतात.

साठवण

ज्वारीच्या पिठाची विरी जाते तशी या मिक्सचीही जाते, त्यात ज्वारीतलं तेल उन्हाळ्यात खवट होतं. हवाबंद डब्यात बाहेर महिना, फ्रिजमध्ये तीन महिने. जूननंतर मी बाहेर ठेवतच नाही. खवट झालं का ते नाकानं नाही, जिभेनं कळतं : चिमूटभर चाखा, शेवटी कडवट लागलं तर टाका. इसबगोल आणि साबुदाण्यात दमटपणा शिरला की मिक्सचे खडे होतात. ते चाळून वापरता येतात, पण मग पाणी थोडं कमी घाला.

डबा स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवा. कणकेचा डबा उघडला की पीठ खाली सांडतं, वर नाही. आत स्वतःचा चमचा ठेवा, म्हणजे कणकेतला चमचा त्यात जाणार नाही. कुणाला बांधून देत असाल तर पिशवीवर चिठ्ठी लावा. मी लिहिते ती अशी : ‘ज्वारी, तांदूळ, साबुदाणा, मका, इसबगोल. गहू, दूध, अंडं, शेंगदाणा, सुका मेवा नाही. ज्या घरात दळलं तिथे शेंगदाण्याचं कूट होतं, घरघंटी वेगळी.’ दळलं ती तारीखही. शेवटचं वाक्य वाचून भाच्याच्या त्या मित्राच्या आईनं मला फोन केला, घरघंटी नक्की कुठे ठेवली आहे आणि कूट कुठे करता, असं वीस मिनिटं विचारत राहिल्या. मग मिक्स घेऊन गेल्या.